तपकिरी पट्टी

एक बॅटरी आठवडाभर चालते.
शर्वरीची मात्र सोमवारची मंगळवारीच संपू लागली.
वाटलं, माल खराब.
लश्करातल्या दुकानदाराशी भांडून आलो.
तो म्हणाला, 'भाईसाहब, तारीख देख लीजिए.'
तारीख ठीक होती.

मग तिच्या कंपासपेटीच्या झाकणाला
आतून चिकटवलेल्या सापडल्या
बॅटरीवरून सोललेल्या तपकिरी पट्ट्या,
एकाखाली एक, अकरा.

विचारलं तर बराच वेळ नखं बघत बसली.
मग म्हणाली,
बाबा, त्या पाचजणी माझ्यासमोर येतात
आणि बोलतात. नुसते ओठ.
आवाज काढतच नाहीत.
मला वाटतं, मशीन बंद पडलं.
मी कानातून काढते, बॅटरी बदलते, परत लावते,
तोवर त्या हसतात.
ते मात्र ऐकू येतं.

मी म्हटलं, लक्ष नको देऊस.
ती म्हणाली, मग कुठे ठेवू ते?

तिच्या आईने सरळ शाळेचा नंबर फिरवला.
मी गच्चीवर गेलो.
जानेवारीचं धुकं, किल्ला गायब,
रोज डोळ्यांसमोर असणारी एवढी मोठी वस्तू.
आणि आठवला रामनिवास कुशवाह,
सातवी ब, स्वेटरच्या कोपराला ठिगळ.
तो वर्गात शिरला की आम्ही सगळे एकदम गप्प.
बस, एवढंच.
मारलं नाही कुणी, शिवीही नाही.
तो बाकावर बसला की पुन्हा गलका.
खेळ मी काढलेला नव्हता.
पण गप्प होणाऱ्यांत मी होतो
आणि मला मजा यायची.

खाली येऊन तिला हे सांगितलं.
तिने मशीन बोटाने नीट बसवलं,
जणू चुकीचं ऐकू आलं.
'मग तो काय करायचा?'
माहीत नाही. मी कधी पाहिलंच नाही.
'विचार ना जाऊन.'

दौलतगंजात घड्याळं दुरुस्त करतो तो.
ओळखलं लगेच.
मी माफीचं काही बोलू लागलो
तर चिमटा धरलेला हात वर करून थांबवलं.
मग डोळ्यावरचं भिंग काढलं,
उजेडाकडे तोंड केलं
आणि बोलला ते शर्वरीशी, सावकाश:
बिटिया, आमच्या शाळेत मोहरसिंह चपरासी होते.
त्यांना एकदा सगळं सांगितलं.
ते काही बोलले नाहीत, हातोडा दिला हातात.
पाचव्या तासाची घंटा तेव्हापासून माझी.
तेरे बाप समेत पूरा स्कूल
मेरी घंटी पर उठता था.

मला माफ केलं की नाही, कळलं नाही.
पट्ट्याचे पैसे मात्र पुरे घेतले.

शाळेत तीन चकरा झाल्या.
बाईंनी आधी मान डोलावली, मग वही काढली,
मग पाचजणींच्या आयांना बोलावलं.
एक आई म्हणाली, बच्चे हैं.
आम्ही खुर्चीवरून उठलो नाही.

गुरुवारी त्या पुन्हा आल्या. नुसते ओठ.
हिचा हात कानाकडे गेला नाही.
हिनेही ओठ हलवले,
लांबलचक वाक्य, हातवाऱ्यांसकट,
मध्ये श्वास घ्यायला एक स्वल्पविराम.
'क्या? क्या बोली?'
हिने डबा उघडला.
मागच्या बाकावरची नुझहत पुढे येऊन बसली:
मुझे भी सिखा.

अजून कधी कधी रडत येते.
परवाच पाण्याची बाटली चेपलेली आणली,
कुणी चेपली ते सांगितलं, नावासकट,
हे नवीन.
आणि सोमवारी घातलेली बॅटरी
आज शनिवार, चालू आहे.

मी विचारतो, त्या दिवशी काय बोललीस गं त्यांना?
ती माझ्याकडे वळते,
ओठ हलवते, आवाज काढत नाही.
मला ओठ वाचता येत नाहीत.
बघत राहतो.