पंधरा तारखेच्या आत

तूलीच्या फ्रिजवर दोन पत्रं, एकाच चुंबकाखाली.
विनिपेगचं, पैशासकट.
हॅलिफॅक्सचं नुसतंच गोड.
दोघांनाही उत्तर हवंय पंधरा एप्रिलच्या आत.
शिष्यवृत्तीचा निकाल मात्र महिनाअखेर,
कुठल्या महिन्याची, ते लिहिलेलं नाही.

तिला दगडफुलावर काम करायचंय,
वर्षाकाठी अर्धा मिलिमीटर वाढणाऱ्या.
त्याच्यावर ज्यांचा जीव आहे
त्या बाई हॅलिफॅक्सला.

पहाटे चारला बेकरीत ती वेलदोड्याच्या पावांचं पीठ मळते.
पीठ फुगेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही,
झालं का, झालं का.
फोनच्या काचेवर पांढरे ठसे, दर नऊ मिनिटांनी.

बाप बंदरातल्या धान्यकोठारावर.
म्हणतो, पहिली बोट आली की बर्फ फुटलं म्हणायचं,
त्याआधी सांगतो तो थापाड्या.
मग जरा थांबून,
विनिपेग काय, आठ तासांवर,
आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

तिनं मुदत मागितली, दहा दिवस.
विनिपेगनं तीन दिले, वर शुभेच्छा.

सतराच्या रात्री ती सरोवरावर गेली.
एक दगड भिरकावला.
बुडाला नाही. घरंगळत, किणकिणत
अंधारात लांब कुठेतरी थांबला.
तळ्यात नाही, मळ्यातही नाही.
ती बराच वेळ कान देऊन उभी,
मग नाक गार पडलं म्हणून घरी.

दुसऱ्या दिवशीचे पाव अळणी निघाले.
गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत.
फक्त लेहतोनेनबाईंनी एक तुकडा चावला,
सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाल्या,
समुद्राकडे निघालीस वाटतं.