मनगटावरचा मस्कारा

मत्रहच्या सूकमध्ये, लोबानवाल्यापासून तिसरं दुकान.
एकोणीस वर्षं मी इथं पापण्या विकतो.
म्हणजे पापण्या ज्याच्या त्याच्याच,
मी फक्त त्यांचं लांब होणं विकतो.
दोन रियाल चारशे बैसा,
घासाघीस केली तर दोन.

बाईच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.
मग दाखवायचं कुठं? स्वतःच्या मनगटावर.
डावी बाही कोपरापर्यंत सारतो,
ब्रश नळीच्या तोंडाशी पुसून घेतो,
केसांच्या मुळाशी टेकवतो
आणि जरासा हलवत, नागमोडी, वर ओढतो.
"मुळाशी जास्त, टोकाशी कमी.
पहिला हात सुकू द्या, घाई केलीत की गुठळ्या."
हे मी अरबीत सांगतो, बलुचीत सांगतो,
थोडं स्वाहिलीतही,
झांझिबारकडच्या बायकांपुरतं.
बघता बघता माझे चार केस
काळे, जाड, वर वळलेले.
बायका वाकून बघतात.
या मनगटाकडं इतकं निरखून
नाडी बघणाऱ्या हकिमानंही बघितलं नसेल.

वॉटरप्रूफ मात्र हातावर दाखवत नाही.
असरची अजान झाली की धावतपळत वजू करायचा,
आणि तो काही केल्या निघत नाही.
कातडीला पाणीच पोचलं नाही तर कसली नमाज?
त्याची नुसती तोंडी हमी देतो:
लग्नात रडा, विमानतळावर रडा,
हलणार नाही.

एकदा शर्कियाकडची म्हातारी आली,
चेहऱ्यावर चोचीसारखा बुर्का,
आत दोन डोळे.
पापण्या मोजता येतील एवढ्याच.
मी मोजल्या नाहीत.
खोटं कशाला बोलू, मोजल्या.
डाव्या डोळ्याला अकरा.
"अकरांना पुरेल एवढाच दे," म्हणाली.
मी सगळ्यात बारीक ब्रशाची नळी काढली
आणि पहिल्यांदाच बाही वर न सारता दिली.
माझ्या मनगटावर तिच्यापेक्षा जास्त होते,
लाज वाटली.

जैबुनसाठी दर रजेला एक नळी नेतो.
उघडल्यावर तीन महिने टिकते,
रजा दोन महिन्यांची.
हिशेब चोख, असं मला वाटायचं.
गेल्या खेपेला सुयांच्या डब्यात सापडल्या,
आठच्या आठ, सीलसुद्धा न तोडलेल्या,
आतून वाळून खडंग.
"लावून कुणाला दाखवू?" ती म्हणाली,
"म्हशीला?"

मग पुतण्याच्या निकाहाच्या सकाळी
तिनं नववीचं सील दातानं तोडलं,
मला खिडकीपाशी बसवलं
आणि ब्रश माझ्या मिशीला लावला.
"हलू नका. मुळाशी जास्त, टोकाशी कमी."
कुठं शिकलीस गं हे?
"दोन वर्षांनी येता
आणि दर वेळी तेच तेच सांगता."
नाकाखाली गार गार लागत होतं,
रंग आणि मेण यांचा तो वास,
जो मला रोज येतो
आणि त्या दिवशी ओळखू येईना.
तिचा चेहरा वितीवर.
पापण्या वाकड्यातिकड्या, दोन-तीन भुऱ्या झालेल्या,
एक तुटून गालावर पडलेली.
ती मी चिमटीत उचलली, तिच्या मुठीवर ठेवली.
"फुंक," म्हटलं, "काहीतरी माग."
"आधी डावी बाजू होऊ दे," म्हणाली,
आणि मूठ तशीच धरून ठेवली.
पुढं फुंकली की नाही, मी विचारलं नाही.

आज बंदरात मोठी बोट लागलीय,
चाकाच्या बॅगा घेऊन गोऱ्या बायका येतील.
मी बाही वर सारून बसलोय.
मिशी परत पांढरी.
अर्बाब हसतो, म्हणतो,
दुकानभर काळा रंग, आणि तू असा?
लाव की थोडा, मी पैसे कापणार नाही.

मी म्हणतो, साहेब,
तिकडं माझा हात पोचत नाही.