कीर्द

एकतीस मार्च. औशाची एमआयडीसी, प्लॉट नंबर बावीस.
पत्र्याखाली मी, दैवशाला, आणि लाल कापडाची वही.
कंप्युटर आहे, पण खय्यूमभाईंना वहीच लागते.
तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात
त्यांनी इंजिनाला कान लावून निदान केलं,
कागदावर विश्वास उशिरा बसला, पण घट्ट.

आज शिल्लक मोजायची.
नियम साधा आहे:
लागत किंवा बाजारभाव, जे कमी ते लिहायचं.

करंजाचं बी, एकशे दहा पोती.
तावरजाच्या काठचं, निलंग्याच्या रस्त्याकडेचं,
इंदरबाई आणि तिच्या सहा जणींनी
शेंगा झोडपून, फोडून, पाखडून आणलेलं.
किलोला सत्तावीस.
इंदरबाई काट्याकडे अशी बघते
जशी सोयरिकीला आलेल्या पोराकडे बघावी,
म्हणते, "खरं बोलतो का गं ह्यो?"

चार किलो बियाला एक लिटर तेल.
त्याला मिथेनॉल, कॉस्टिक, साठ अंशाची ऊब,
मग रात्रभर नुसतं उभं राहू द्यायचं.
सकाळी वर पिवळं नितळ, खाली काळपट ग्लिसरीन.
एकशे आठचं बी, बावीसचा बाकीचा खर्च,
पेंडेचे एकोणचाळीस परत येतात
(पेंड डाळिंबवाले नेतात, तेलाआधी तिचीच चौकशी).
राहिले एक्याण्णव.
पंपावर ब्याण्णव.
एक रुपया.
त्या एका रुपयात माझा पगार आहे,
पत्र्याचं भाडं आहे,
आणि खय्यूमभाईंचं, "पुढच्या साली बघू."

बांधावर मोगली एरंड उभा आहे,
जुन्या कुठल्या योजनेतला, आधीच्या मालकाचा.
त्याला शेळी तोंड लावत नाही.
बँकही लावत नाही.
तो मी शिलकेत धरत नाही.

ऑक्टोबरचं एक पान मात्र खोडता येईना.
बी ओलं निघालं, आणि ओल्याचं डिझेल होत नाही,
साबण होतो.
तीनशे लिटर, थिजून पिठल्यासारखं.
खय्यूमभाई बराच वेळ टाकीत बघत राहिले,
मग त्यातलाच गोळा घेऊन
कोपरापर्यंतचं ग्रीस धुतलं.
"हात तर निघाले," म्हणाले.
उरलेलं बायकांनी डब्यांतून नेलं.
नावे: एकोणचाळीस हजार. जमा: काही नाही.
सहा घरांच्या गोधड्या त्या हप्त्यात धुतल्या गेल्या,
त्याला खातं नाही.

आता शेडमागची निळी टाकी.
ती मसाजीची. गंगाखेडचा पोरगा, बीएस्सी,
शेवाळाशी बोलतो, आमच्याशी कमी.
"ताई, दोन दिसात दुप्पट होतंय,
जमीन लागत नाही, खत थोडं,"
आणि पाणी?
पाणी टँकरचं.
मेमध्ये टँकर आला तेव्हा
पलीकडच्या वस्तीतल्या बाया कळशा घेऊन
कुंपणाशी येऊन थांबल्या.
कोणी भांडलं नाही. नुसत्या बघत होत्या
पाणी हिरव्यात पडताना.
मसाजीनं पाइप काढला, कळशीत सोडला.
अर्धा टँकर टाकीत, अर्धा वस्तीत;
मी कीर्दीत लिहिलं: पाणी, नऊशे.
कोणाचं ते लिहिलं नाही.

त्या अर्ध्या पाण्याचं, चार महिन्यांनी,
गाळून, वाळवून, पिळून
दोनशे मिली तेल निघालं.
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत बसलं,
झाकणासकट.
मसाजीनं ते उजेडात धरलं
आणि पहिल्यांदाच खूप बोलला,
काय ते मला नीट कळलं नाही.

बाटली आता माझ्या टेबलावर आहे.
लागत काढली: वीज, युरिया, टँकर, पोराचा पगार.
एवढ्या पैशात एक म्हैस येते.
बाजारभाव: नाही.
कोणी विचारलेलाच नाही.
जे कमी ते, म्हणतो नियम.
म्हणजे शून्य.

शनिवारी ऑडिटर येणार, लातूरचा, चष्म्याआडून बघणारा.
बाहेर इंदरबाई हाक मारतेय,
नव्या साली पहिलं पोतं तिचंच चढवायचं,
काटा रिकामा ठेव म्हणते.

मी लिहिलं:
हिरवं तेल, बाटली एक.
किंमत —
आणि पेन तिथंच ठेवून
काट्यावरची धूळ पुसायला उठले.