एक परत पाठवायचा

शनिवारी कुरिअरवाला येईल.
तोवर दोन्ही टेबलावर, दोन्ही नवे,
खोक्यांची चिकटपट्टी नखानं सावकाश सोडवलेली,
एकाला परत लावावी लागणार म्हणून.

पहिला पांढरा, अडुसष्ट बटणांचा.
दाबलं की टक् म्हणतो,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
दुसरा वांगी रंगाचा, एकसष्टच.
बाणांची बटणं काढून टाकून लहान केलेला.
एक अक्षर मागं यायचं तर
करंगळीनं एक दाबून धरायचं, दुसरं शोधायचं,
आणि तोवर आपण काय खोडणार होतो ते विसरायचं.
आवाज म्हणाल तर
ओल्या पोत्यावर शेंग पडावी एवढा.

मराठी अक्षरं दोन्हींवर नाहीत.
डीवर हलंत आहे, हे बोटांनाच ठाऊक.

डॉक्टर बोलतात, मी कानात घालून टाइप करते.
गाठ अडीच सेंटिमीटर. कडा अनियमित.
नाव मला दिसत नाही, आकडा दिसतो.
मिरजेत निम्मी माणसं दवाखान्यात कामाला,
निम्मी तपासायला आलेली,
आणि मी मधे, खिडकीपाशी, दर पानामागं पैसे.

पडद्यापलीकडं रूथ झोपते.
रात्रपाळी संपवून साडेआठला येते,
जिन्यातच चपला काढून हातात घेते.
म्हणून पांढरा नकोच,
हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.
बोटांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही घेऊन खाली गेले, इलाहीचाचांच्या दुकानात.
त्यांनी कानस ठेवली, मांडीवरचा तंबोरा भिंतीला टेकवला,
पांढऱ्याचं एकच बटण दाबलं, सोडलं. परत दाबलं.
"ही खुली जवारी."
मग वांगी. डोळे मिटून.
"ही बंद."
कुठला चांगला चाचा?
"ते वाजवणाऱ्याला विचारायचं. मी घोडी घासणारा.
गिऱ्हाईक म्हणतं अजून खुलवा, अजून खुलवा,
एक हात जादा फिरला की हाड परत भरत नाही."
मग वांगी उलटा करून बघितला.
"याची वायर?"
नसते.
"मग हा पळून कसा जात नाही?"
स्वतःच हसले, कानस उचलली.

तीन दिवस पांढरा, खाली टॉवेलाची घडी घालून.
टॉवेलानं काय होतंय.
दर टकीला मी पडद्याकडं बघायची,
पानं निम्मीच झाली.
गुरुवारी वांगी काढला
आणि सुटल्यासारखी टाइप करत सुटले,
अकरा रिपोर्ट, जेवायचं भान नाही.

दीडच्या सुमाराला पडदा सरकला.
"थांबलीस काय गं?"
नाही, चालूच आहे.
"ऐकू येत नाही."
केस तोंडावर, डोळे अर्धे.
"रात्रभर मॉनिटर वाजत असतो.
वाजायचा थांबला की मी पळते.
झोपेतसुद्धा पळते."
एवढं म्हणून कूस बदलली.
मी कितीतरी वेळ बोटं नुसती ठेवून बसले,
मग बाण शोधायला गेले, तर बाण नव्हते.

वांगी खरंच चांगला होता.
पिशवीत मावायचा, तिन्ही मशिनींना लगेच जोडला जायचा,
आणि चौदाशेनं स्वस्त.
हे सगळं मी खोक्यात भरताना
त्याच्याजवळ कबूल केलं.

परत का पाठवताय, फोननं विचारलं.
तुटका आला. रंग वेगळा निघाला.
दुसरीकडं कमी किंमत मिळाली. आवाज फार येतो.
आवाज येत नाही, असं कुठंच नव्हतं.
मी 'इतर' दाबलं.
खाली दोन ओळींची जागा होती,
ती तशीच ठेवली.

शनिवारी मुलगा आला, दारातूनच ओटीपी ओरडून मागितला.
मी ओठांवर बोट ठेवलं.
आत रूथ घोरत होती.
तो गेला, मी बसले.
गाठ, टक्.
कडा, टक् टक्.
पुढचा शब्द डॉक्टरांनी जरा थांबून उच्चारला,
मीही थांबले,
आणि पडद्यामागं घोरणं थांबलं.
म्हणून लगेच टाइप केला.