बंद म्हणजे किती बंद

पडलेला दात आणावा तसा
गायधनी वहिनींनी कॅमेरा आणला, रुमालात बांधून.
"बंद करून ठेवते, भाऊ.
पाकिटात. पाकीट कपाटात. कपाटाला कुलूप.
तरी नऊ दिवसांत एक रेघ जाते.
कोण खातं?"

जेल रोडवर रविवारची दुपार,
समोरच्या गच्चीवर कुणी गव्हाला ऊन देत होतं.
सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी स्विच तपासले.
दहा हजार वेळा उघड, दहा हजार वेळा मीट,
मग शिक्का.
बंद म्हणजे किती बंद, एवढंच माझं काम.
त्यामुळे प्रश्न जरा झोंबलाच.

या डबीला खरा स्विच नाहीच, वहिनी.
बटण आहे, ते नुसतं सांगतं : झोप.
आणि पुन्हा "ऊठ" म्हटलेलं ऐकायला
आत कुणीतरी जागं राहावं लागतं.

मल्टीमीटर जोडला.
शून्य, टिंब, आणखी दोन शून्यं,
मग एक आकडा, डासाच्या पायाएवढा.
तो घड्याळाचा.
बाकीचं म्हातारी बॅटरी स्वतःच पिऊन टाकते,
पोट फुगलंय बघा तिचं.
आणि घड्याळाला आधार म्हणून बसवलेला
आतला बारका सेल केव्हाच मेलाय.

म्हटलं, नवी बॅटरी टाकू,
आणि वापर नसेल तेव्हा काढून ठेवत जा.
"मग घड्याळ?"
ते जाईल मागे, कुठल्यातरी एक जानेवारीला.
दोन मिनिटांत लावता येतं. बरोबर वेळ.
"बरोबर नकोय."

दौलतराव प्रेसमध्ये होते.
घरातलं प्रत्येक घड्याळ चार मिनिटं पुढे,
भोंग्याआधी माणूस फाटकात पाहिजे.
भिंतीवरचं सेल संपून गेलं,
गजराचं नातवानं पाडलं,
मनगटावरचं धाकट्या दिरानं मागून नेलं.
राहिलं हे.
दर एक तारखेला ते जिन्याखाली वाकायचे
आणि वीजमीटरचा फोटो काढायचे,
कोपऱ्यात नारिंगी तारीख, नारिंगी वेळ.
एकदा बिल दुप्पट आलं होतं, तेव्हापासून पुरावा.
ते गेले, त्याला सहा वर्षं झाली.
वहिनी अजून वाकतात.
बिल आता बरोबर येतं.

पुढच्या रविवारी मेन रोडवरून नवी बॅटरी आणली.
बेंचवरच्या सप्लायच्या दोन तारा,
तीन पूर्णांक सात,
एक मी पट्टीला टेकवून धरली,
एक वहिनींनी.
हलू नका.
त्यांनी श्वाससुद्धा धरला,
बांगडी कोपराकडे सरकवली होती, वाजू नये म्हणून.
मोकळ्या हातानं मी जुनी काढली, नवी सरकवली.
खटका बसला.
पडदा उजळला, तारीख आजचीच.

वेळ मी मोबाइलशी ताडून पाहिली.
चार नव्हे,
सहा मिनिटं आणि वर अकरा सेकंद पुढे.
स्वस्तातलं स्फटिक, इतक्या वर्षांत वाहवतंच.
सांगायला तोंड उघडलं,
आणि चहा घेणार का, असं विचारलं.

"आता नाही ना उतरणार?"
उतरणार. थोडं सावकाश. पण खाणारा खाणारच.
"खाऊ दे," म्हणाल्या,
आणि त्या आकड्याकडे बघून एकदम उठल्या :
"चला, साडेपाच झाले, बिटकोची बस."
माझ्या भिंतीवर पाच चोवीस.
चहा अर्धा तसाच.

त्या गेल्यावर मल्टीमीटर शून्यावर फिरवला, खणात ठेवला.
त्यातली बॅटरी काढायची
याही वेळी राहून गेली.