हे तुमचं आहे का?

कुडचड्याच्या आमच्या पतसंस्थेत अकरा संगणक,
त्यातला एक फक्त पासबुकं छापतो आणि खोकतो.
फेब्रुवारीत तीन कंपन्या आल्या.
पुण्याचा माणूस म्हणाला, नव्व्याण्णव पॉइंट सात टक्के.
मी विचारलं, उरलेलं पॉइंट तीन कुठे राहतं?
तो हसला. चेअरमन उगवेकरांनी त्याला काजूची पुडी दिली.

सांग्याच्या शाखेत गेल्या वर्षी जे घुसलं
त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
नाव पडलं ते बाराव्या दिवशी,
बारसं व्हावं तसं.
तोवर कर्जखात्यांची अक्षरं उलटीपालटी,
सभासद दारात,
आणि मी वहीत पेन्सिलीनं लिहीत होते
कोणाकडे किती, त्यांच्याच तोंडून ऐकून.
एका बाईनं आकडा चुकीचा सांगितला,
स्वतःच्याच तोट्याचा.

म्हणून या वेळी चोर मीच लिहिला.
चाळीस ओळींचा, एका फोल्डरमध्ये कोंडलेला,
फाइल उघडायची, पिळायची, नाव बदलून पुढची.
मागच्या खोलीत जुना लॅपटॉप, केबल काढलेली.
खिडकीबाहेर रिकामी बार्ज गाळात टेकलेली.
एंटर.

पहिल्यानं खिशातले फोटो चाळले,
पत्रादेवीच्या नाक्यावर चाळतात तसे.
एकही जुळला नाही
तेव्हा फाटक उघडून दिलं, सलामासकट.

दुसऱ्यानं चोराला उंबऱ्यातच आडवा केला.
मी टाळी वाजवणार होते.
मग त्यानं प्रिंटरही आडवा केला
आणि व्याजाचा मॅक्रो गिळला, ढेकर न देता.

तो मॅक्रो फोंडूबाबचा.
काउंटर बंद झाल्यावर महिनाभर बसून लिहिलेला, २००८ साली.
एकतीस मार्चच्या रात्री तो एकेक खातं उघडतो,
आकडा बदलतो, बंद करतो, पुढचं उघडतो.
दिसायला अगदी माझ्या चोरासारखाच.
फोंडूबाब वारले त्याला सहा वर्षं झाली.
कोडच्या पहिल्या ओळीत अजून आहे:
जेवून येतो. हात लावू नये.

तिसरा ट्रेव्हरनं आणलेला, सगळ्यांत महाग.
त्यानं चार फाइली बिघडू दिल्या,
पाचवीला मनगट धरलं,
आणि आधीच्या चार होत्या तशा परत मांडल्या.
फोंडूबाबलाही त्यानं अडवलं.
पण गिळलं नाही. विचारलं:
हे तुमचं आहे का?

चेअरमन म्हणाले, चार फाइली जाऊ देतो, आणि वर पैसे जास्त?
मी म्हटलं, हा तोंड बघत नाही, हात बघतो.
हात हलल्याशिवाय कसा बघणार?
ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग सही केली.
चार फाइलींचं मी अहवालात लिहिलं. ट्रेव्हर नको म्हणत होता.

फक्त, रात्री त्यानं विचारलं तर उत्तर कोण देणार,
हे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

एकतीस मार्च, बाराला आठ कमी.
उशाशी फोन थरथरला.
सहा हजार दोनशे चौदा नोंदी. थांबवलं आहे.
हे तुमचं आहे का?

मी पहिली ओळ उघडली. जेवून येतो.
पण ही ओळ तर कोणीही उतरवून घेईल.
मेलेल्या माणसाचा शर्ट चोरालाही बसतो.
मग बोटानं खाली खाली वाचत गेले,
त्र्याहत्तराव्या ओळीपर्यंत,
जिथं फोंडूबाबनं व्याजाचं स्पेलिंग चुकवलंय,
आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तसंच, न चुकता.

होय दाबलं.
चुका कोणी चोरत नाही, असं वाटलं.
मग वाटलं, चोरतही असतील.
बारा वाजून एकोणीस मिनिटं.
तिकडे अंधाऱ्या ऑफिसात
एकेक खातं उघडून मिटत होतं,
इकडे मी मोजत होते.