हसबे, सांगणे

कुरणे वकिलांचं ऑफिस महिनाअखेर सोडायचंय,
मालकाला तिथं एटीएम घालायचंय.
मी, त्यांची शेवटची ज्युनिअर,
सतरंजीवर फायली मांडून बसलेय.
समोरच्या बोळातले यंत्रमाग दिवसभर तेच तेच बोलतात.

अस्सल कागद आधी, हे त्यांनीच शिकवलेलं.
खरेदीखत, फेरफार, म्हातारीच्या मृत्यूचा दाखला
पक्षकाराच्या हातात, पोच घेऊन.
फी थकली म्हणून कागद अडवायचा नाही.
"फाईल म्हणजे सावकाराकडचं डोरलं नव्हे, ॲडव्होकेट."
मला ते ॲडव्होकेट म्हणाले तेव्हा
सनद मिळून तीन आठवडे झाले होते
आणि त्यांच्या कैफियतीवर मी चहा सांडला होता.

पण विट्यात कागद परत करणं सोपं नाही.
निम्मा तालुका सोनं गाळायला गेलेला.
पुठ्ठ्यांवर पत्ते खोडून पुन्हा लिहिलेले,
कोईमतूर, त्रिचूर, बनारस, परत कोईमतूर.
फोन लावला की मागं भट्टीच्या ब्लोअरची घरघर,
"ताई, जत्रेला येतो की गावी, तोवर राहू द्या तुमच्यापाशी."
राहू द्या, राहू द्या करत
छत्तीस वर्षांत हे कपाट एवढं फुगलं.

फाईल दोनशे अकरा. जालिंदर हसबे.
विहिरीतला चार आणे हिस्सा. दावा नामंजूर.
अपिलाला तीस दिवस.
निकालाची नक्कल वेळेत आलेली, शिक्का आहे.
अपील नाही.
त्याच्या जागी विलंबमाफीचा अर्ज,
टाईप केलेला, कधीच दाखल न केलेला.
"सदरचा विलंब एकोणीस दिवसांचा असून त्याचे कारण की,"
आणि पुढं अर्धं पान कोरं.

कारण शोधायला मी डायऱ्या काढल्या.
ताप नाही, लग्न नाही, मयत नाही.
सगळे दिवस कोर्टात हजर.
सापडलं ते दुसरंच.
चौदा जूनच्या बोर्डाखाली, पेन्सिलीनं,
हसबे, सांगणे.
सत्तावीस जुलै. हसबे, सांगणे.
पुढच्या वर्षाची डायरी, पतसंस्थेनं दिलेली, हिरवी.
हसबे, सांगणे.
अशा नऊ डायऱ्या.

समोरच्या वकिलानं तिसऱ्यांदा मुदत मागितली
की भर कोर्टात लालबुंद होणारा हा माणूस
स्वतःपुढंच अर्ज करत राहिला
आणि दर वेळी मंजूर.

हसबे दिवाळीला गावी यायचे.
मी पाणी द्यायचे.
"अपिलाचं काय, साहेब?"
"चाललंय."
मग टेबलावर चांदीचं एक नाणं, लक्ष्मीचं, पाकिटात.
खालच्या खणात ती सगळी आहेत,
एकही पाकीट फोडलेलं नाही.

काल त्यांच्या घरी गेले.
अर्धांगात वाचा गेलीय,
तरी मुलीनं शर्टाची वरची गुंडी लावून ठेवली होती.
मी फाईल समोर धरली.
त्यांनी डोळे वळवले नाहीत.
चालणारा डावा हात उचलून
हवेत बोट पुढं सरकवलं,
जज्जसाहेबांकडं पुढची तारीख मागताना
सरकवायचे तसं.

"नाही, सर," मी म्हणाले.
सहा वर्षांत पहिल्यांदा.
हात खाली घेताना
त्यांना बरं वाटलं की नाही
मला कळलं नाही.

आत्ता कोईमतूरला फोन लागलाय.
माझ्या डायरीत आजच्या पानावर तीच नोंद, शाईनं.
"थांबा हं ताई, मूस भट्टीवर आहे,
उतरवतो आणि बोलतो."

मी थांबते.
चिमट्याचा आवाज. कुणीतरी तमिळमध्ये हाक मारतं.
अर्ध्या कोऱ्या पानावर माझं बोट,
'कारण की'च्या पुढच्या स्वल्पविरामावर.

"हं," तो म्हणतो, "बोला."